प्लेगची लस आधी स्वतःच्या दंडात टोचून घेणारे हाफकिन

कामठी : बैलाच्या पायात बाभळीचा काटा मोडला की दुसऱ्या दिवशी पाय सुजतो. हात लावला तर गरम लागतो. चार दिवसांनी तिथून पू निघतो. हे आपल्याकडे लहान पोरालाही माहीत आहे. पण ती सूज काट्यामुळे येते की काट्याशी लढायला धावून आलेल्या अंगातल्याच पेशींमुळे, हा प्रश्न नीट सोडवला तो ओडेसाच्या एका प्राध्यापकाने. त्यांचं नाव इल्या मेचनिकॉफ. आणि त्यांच्याच हाताखाली शिकलेला एक विद्यार्थी पुढे मुंबईत आला, तुपाचे थेंब टाकून प्लेगची लस तयार केली आणि ती पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. वाल्डेमार हाफकिन. परळच्या हाफकिन संस्थेला नाव आहे ते याच माणसाचं. आज सर्पदंशावरची लस आणि पोलिओचा डोस यामुळे हाफकिन हे नाव गावोगावच्या दवाखान्यात पोचलेलं आहे, पण माणूस कोण होता हे फार जणांना ठाऊक नसतं.

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० चा, काळ्या समुद्राच्या काठावरच्या ओडेसा शहरात. हे शहर तेव्हा रशियाच्या झारच्या राज्यात होतं, आता युक्रेनमध्ये आहे. घर ज्यू. त्या राज्यात ज्यू असणं म्हणजे रोजची अडचण. विद्यापीठात ते प्राणीशास्त्र शिकले. १८८१ साली ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले झाले तेव्हा बचावासाठी जी तरुण पोरं उभी राहिली त्यात हाफकिनही होते. मार खाल्ला, अटक झाली. सोडवायला मेचनिकॉफ धावले. शिक्षण पूर्ण झाल्यावर नोकरीचा प्रश्न आला. धर्म बदलला तर विद्यापीठात वरची जागा मिळाली असती. त्यांनी धर्म बदलला नाही, आणि शहरातल्या प्राणीशास्त्राच्या वस्तुसंग्रहालयात साध्या नोकरीवर वर्षं काढली.

इथे मेचनिकॉफ यांच्या काट्याची गोष्ट सांगितलीच पाहिजे. १८८२ साली ते इटलीतल्या मेसिना गावी समुद्रकाठी राहत होते. तारामाशाची पिल्लं काचेसारखी आरपार दिसतात. त्यांच्या अंगात त्यांनी बागेतला बारीक काटा खुपसला आणि रात्र काढली. सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली बघतात तर काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. या पेशी बाहेरून आलेली वस्तू खाऊन टाकायला बघतात, आणि हे कोणी शिकवावं लागत नाही, जन्मापासून अंगात असतं. त्या आधी बरेच डॉक्टर सूज म्हणजे नुसता आजारच समजत. मेचनिकॉफ यांनी मांडलं की सूज ही शरीराची राखण आहे. अर्थात राखणदार जास्त चवताळला तर घरच्यांनाही चावतो. सांधे सुजणं, आतडी सुजणं असे कितीतरी जुने आजार त्यातूनच होतात हे पुढच्या काळात कळलं. मेचनिकॉफ यांना १९०८ साली नोबेल मिळालं.

१८८८ मध्ये मेचनिकॉफ पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत गेले. पाठोपाठ हाफकिनही रशिया सोडून आधी जिनिव्हा आणि मग पॅरिसला पोचले. पण संशोधकाची जागा रिकामी नव्हती. मग काय, ग्रंथालयात सहायक म्हणून लागले. दिवसा पुस्तकं लावायची, उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत जंतू वाढवायचे. कॉलऱ्याचा जंतू त्यांनी धरला. १८ जुलै १८९२ रोजी तयार झालेली लस स्वतःला टोचली. ताप आला, उतरला, माणूस धडधाकट राहिला.

युरोपात मोठमोठ्या लोकांना ही लस पटली नाही. परीक्षा घ्यायची तर जिथे कॉलरा दरवर्षी येतो तिथे जायला हवं, म्हणून हाफकिन १८९३ मध्ये कलकत्त्याला उतरले. रशियन माणूस म्हणून इंग्रज अधिकारी संशयाने बघत, आणि सुई घेऊन आलेला गोरा म्हणून वस्तीतली लोकं संशयाने बघत. त्यांनी सक्ती केली नाही. काही वस्त्यांत आधी स्वतःला सगळ्यांसमोर सुई टोचून दाखवली. दोन-अडीच वर्षांत सुमारे ४२ हजार लोकांना लस दिली. मलेरियाने अंग पोखरलं तेव्हा युरोपात परतले, जरा बरे झाल्यावर पुन्हा आले.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात डॉ. अकॅसिओ व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचा रोगी ओळखला. काखेत, जांघेत गाठ, भयंकर ताप आणि चार दिवसांत माणूस खलास. ऑक्टोबरात हाफकिन मुंबईत दाखल झाले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळाली एक खोली आणि व्हरांडा, एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्यावर काम सुरू झालं. बाहेर माणसं मरताहेत, आत जिवंत प्लेगच्या जंतूच्या बाटल्या. एका सहायकाचं मनच खचलं, दोघं काम सोडून गेले. हाफकिन मात्र थांबले नाहीत.

लस बनवण्याची रीत ऐकण्यासारखी आहे. मांसाच्या काढ्याने भरलेल्या बाटलीत वर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे. प्लेगचे जंतू त्या तुपाला धरून खाली लोंबत वाढतात, छताला जाळी लोंबते तशा. बाटली हलवली की लोंबते तुटून तळाशी बसतात, वर नवे वाढतात. असं पाच-सहा आठवडे चाललं की बाटलीत भरपूर माल जमतो. मग तापवून जंतू मारायचे. मेलेला जंतू रोग लावू शकत नाही, पण शरीराला त्याची ओळख पटते. राखणीच्या पेशी त्यावर तुटून पडतात, त्यातून पुढच्या वेळची तयारी होते. हात सुजतो, ताप येतो तो त्यामुळेच. ढोराला लाळ-खुरकूतची लस दिल्यावर एक-दोन दिवस दूध आटतं, तसाच प्रकार.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ही लस आपल्या अंगात टोचून घेतली, तीही पुढे इतरांना देणार होते त्याहून मोठ्या मात्रेची. जोराचा ताप आला, सुई टोचली तिथे ठणका लागला. तरी ते उभे राहिले. महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग घुसला. तयार असलेल्या कैद्यांना लस दिली, बाकीचे तसेच ठेवले. लस घेतलेल्यांत आजारी पडणारे आणि मरणारे न घेतलेल्यांपेक्षा बरेच कमी निघाले.

त्याच वर्षी १० मार्चला पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. रोग्याची सेवा करताना त्यांना लागण झाली होती. सरकारची तऱ्हा बघा : पुण्यात सोल्जर घरात घुसून झडत्या घेत होते, माणसं ओढून नेत होते, आणि त्या संतापातून जूनमध्ये रँडचा खून झाला. हाफकिन यांचं काम वेगळ्या वळणाचं होतं. समजावून सांगायचं आणि ज्याने हात पुढे केला त्यालाच टोचायचं. आगाखान यांनी लोकांसमोर लस घेतली आणि प्रयोगशाळेला आपली इमारत दिली. १८९९ मध्ये काम परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेलं.

धान्याची पोती आणि पोत्यातले उंदीर रेल्वेने फिरत होते, तसा रोगही फिरला. मध्य प्रांतात, नागपूरकडेही आला. कामठी म्हणजे कन्हानच्या काठी १८२१ पासूनची फौजेची छावणी, रेल्वेच्या वाटेवरचं गाव. त्या काळी उंदीर पडू लागले की घर सोडून वावरात झोपड्या टाकायच्या, ही रीत सगळीकडे पडली होती.

मग आली १९०२ ची ३० ऑक्टोबर. पंजाबात मुलकोवाल गावी १०७ लोकांना पाच बाटल्यांमधून लस दिली. त्यातल्या एकाच बाटलीतून ज्या १९ जणांना टोचलं ते सगळे धनुर्वाताने मेले. बाकी चार बाटल्यांतल्या एकालाही काही झालं नाही. चौकशी बसली आणि बोट दाखवलं गेलं परळकडे. हाफकिन यांनी लस जंतुरहित करायच्या रीतीत कार्बोलिकऐवजी उष्णतेवर भर दिला होता, तोच गुन्हा ठरला. कामावरून दूर केलं, ते लंडनला गेले आणि वर्षानुवर्षं नाव साफ करायला झगडत राहिले.

खरी गोष्ट गावातच घडली होती. बाटली उघडताना सहायकाच्या हातातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट शुद्ध न करता त्यानेच बूच काढलं गेलं. धनुर्वाताचा जंतू मातीत, शेणाच्या जागेत असतो, हे कोणाही शेतकऱ्याला सांगायला नको. ही नोंद कागदावर असूनही निकाल उलटा लागला. यात परका, ज्यू आणि पदवीने डॉक्टर नसलेला माणूस असण्याचा वाटा नव्हता असं म्हणणं कठीण आहे. १९०७ मध्ये मलेरियाचे संशोधक रोनाल्ड रॉस आणि आणखी शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये जाहीर पत्र देऊन बाजू घेतली, तेव्हा कुठे सरकार हललं. हाफकिन निर्दोष ठरले. पण पाच वर्षं गेली होती, आणि परळची खुर्ची परत मिळाली नाही. कलकत्त्याला एका प्रयोगशाळेत जागा दिली, माणसांवर लसीचे नवे प्रयोग करायला मात्र मुभा नव्हती. १९१४ च्या सुमारास निवृत्त होऊन ते युरोपात गेले.

लग्न केलं नाही. उरलेली मिळकत ज्यू धार्मिक शाळांच्या शिक्षणाला लावली. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला हाफकिन यांचं नाव दिलं गेलं, ते त्यांच्या हयातीतच. तोपर्यंत मुंबईतून प्लेग लशीच्या अडीच कोटींहून जास्त मात्रा बाहेर गेल्या होत्या. ऑक्टोबर १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात त्यांचं निधन झालं. १९६४ मध्ये भारताच्या टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं.