ज्या सर्जननं थायरॉइड ग्रंथी मुळासकट काढली, त्यालाच कळलं ती कशासाठी असते

थायरॉइडचा रिपोर्ट हातात पडला की घरात पहिला प्रश्न येतो, आता खायचं काय? मग व्हॉट्सॲपवर सल्ले सुरू होतात. कोबी बंद करा, सोयाबीन सोडा, मीठ बदला, रोज चाला, गोळीची गरजच पडणार नाही.

यातलं किती खरं, हे समजायचं असेल तर ही ग्रंथी शरीरात करते काय, ते आधी माहीत पाहिजे. गंमत म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी हे मोठमोठ्या डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. ते कळण्यात सगळ्यात मोठा वाटा होता स्वित्झर्लंडच्या एका सर्जनचा आणि त्यांच्या हातून झालेल्या एका मोठ्या चुकीचा. त्यांचं नाव थिओडोर कोखर.

कोखर यांचा जन्म 25 ऑगस्ट 1841 चा, बर्न शहरातला. शिक्षणही तिथंच झालं. 1872 मध्ये वयाच्या तिसाव्या वर्षी ते बर्न विद्यापीठात सर्जरीचे प्राध्यापक झाले आणि मरेपर्यंत त्याच खुर्चीवर राहिले.

त्या काळी आल्प्सच्या डोंगराळ भागात गलगंड घरोघरी दिसायचा. गळ्याशी लिंबाएवढी, कधी नारळाएवढी गाठ. ती वाढत गेली की श्वासनलिका दाबली जायची आणि माणूस गुदमरायचा. ऑपरेशन करावं, तर रक्तस्राव आणि जंतुसंसर्गानं पेशंट दगावायचे. 1850 च्या सुमारास अशा ऑपरेशनमध्ये शंभरातले चाळीसेक पेशंट मरत होते.

कोखर यांनी हे चित्र बदललं. जंतुनाशक वापरायचे, घाई करायची नाही, एकेक रक्तवाहिनी चिमट्यात धरून बांधायची आणि मगच पुढं जायचं, ही त्यांची पद्धत. त्यांच्या नावाचा चिमटा आजही ऑपरेशन थिएटरमध्ये वापरला जातो. त्यांच्या पहिल्या शंभरेक ऑपरेशन्समध्येच मृत्यूचं प्रमाण शंभरात तेराच्या आसपास आलं होतं. पुढं तर ते शंभरात एकाच्याही खाली गेलं.

गाठ परत येऊ नये म्हणून कोखर अनेकदा पूर्ण ग्रंथीच काढून टाकायचे. या ग्रंथीचा शरीराला काही खास उपयोग नाही, असंच तेव्हा बहुतेक डॉक्टर मानत होते. जखम भरायची, पेशंट घरी जायचा, ऑपरेशन यशस्वी.

पण घरी गेल्यावर काय होत होतं?

जानेवारी 1874 मध्ये कोखर यांनी 11 वर्षांच्या एका मुलीची पूर्ण ग्रंथी काढली होती. नंतर तिच्या गावाकडच्या डॉक्टरांनी त्यांना कळवलं की मुलगी पार बदलून गेली आहे. चेहरा सुजलेला, चालणं-बोलणं मंद, बुद्धीची वाढ थांबलेली. ऑपरेशनआधी तिच्यात आणि तिच्या धाकट्या बहिणीत फारसा फरक दिसत नव्हता. आता धाकटी वाढून मोठी झाली आणि ही मात्र लहानखुरीच राहिली.

1882 मध्ये जिनिव्हाचे सर्जन जॅक-लुई रेव्हर्दां यांनीही त्यांना भेटीत सांगितलं की आपल्या काही पेशंटमध्ये असेच बदल दिसत आहेत. तेव्हा कोखर यांनी जुन्या पेशंटना पत्रं पाठवून तपासणीसाठी बोलावलं.

पूर्ण ग्रंथी काढलेले 18 जण आले. त्यातल्या 16 जणांची अवस्था तशीच होती. थकवा, थंडी सहन न होणं, अंगावर सूज, केस गळणं, विचार मंदावणं. ज्या 2 जणांना त्रास नव्हता, त्यांच्या गळ्यात ग्रंथीचा थोडा भाग शिल्लक होता. ज्यांची अर्धीच ग्रंथी काढली होती, तेही ठणठणीत होते.

आणखी एक गोष्ट होती. व्हिएन्नाचे नामांकित सर्जन बिलरोथ यांच्या पेशंटमध्ये हा त्रास फारसा दिसत नव्हता. त्यांच्या झपाट्याच्या ऑपरेशनमध्ये ग्रंथीचे तुकडे मागं राहून जायचे. कोखर यांचा हात इतका सफाईदार की मागं काहीच उरायचं नाही. ऑपरेशन जितकं चोख, तितकं पेशंटचं नुकसान जास्त.

एप्रिल 1883 मध्ये बर्लिनला जर्मन सर्जन्सच्या परिषदेत कोखर यांनी हे सगळं स्वतः मांडलं. आपल्या उपचारानं आपलेच पेशंट आयुष्यभरासाठी अधू झाले, हे भर सभेत सांगणं सोपं नव्हतं. त्यानंतर साध्या गलगंडासाठी पूर्ण ग्रंथी काढायची नाही, हा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला.

अर्थात सगळंच त्यांना बरोबर कळलं असं नाही. श्वासनलिकेला इजा होऊन ऑक्सिजन कमी पडतो म्हणून हे होतं, असा त्यांचा सुरुवातीचा तर्क होता आणि तो चुकीचा निघाला. हा शोध आधी कुणाचा, यावरून रेव्हर्दां आणि त्यांच्यात वादही झाला. पण त्यांच्या आकड्यांवरून पुढचा रस्ता सापडला. ही ग्रंथी शरीराला लागणारं काहीतरी बनवते आणि ते थांबलं की सगळं शरीर मंदावतं, हे 1888 पर्यंत लंडनच्या डॉक्टरांच्या समितीनं मान्य केलं.

1891 मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचून एका बाईवर उपचार केले. उपचार चालू राहिले आणि ती पुढं 28 वर्षं जगली. दुसऱ्याच वर्षी ही ग्रंथी खायला देऊनही गुण येतो, हे दिसलं. आजच्या थायरॉइडच्या गोळीची सुरुवात तिथून झाली. 1895 मध्ये जर्मनीच्या बाउमान यांना या ग्रंथीत आयोडीन सापडलं आणि गलगंडाचं कोडं सुटायला लागलं. डोंगरातल्या मातीतलं आयोडीन बर्फानं आणि पावसानं वाहून गेलेलं. त्यामुळं पाण्यात नाही, पिकात नाही, ताटात नाही. मिळेल तेवढं आयोडीन खेचून घेण्यासाठी ग्रंथी फुगत राहायची.

मग सगळ्यांना भरपूर आयोडीन द्यावं का? इथं कोखर यांनीच सावध केलं. जास्त आयोडीन दिल्यानं काही गलगंडवाल्यांची ग्रंथी बेफाम काम करू लागते, छाती धडधडते, वजन झपाट्यानं उतरतं, हे त्यांनी 1910 मध्ये मांडलं.

1909 मध्ये कोखर यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं. हा मान मिळवणारे ते पहिले सर्जन. बर्नमध्ये संशोधन संस्था उभी राहावी म्हणून त्यांनी मोठी देणगी दिली. 1913 मध्ये लेनिन आपल्या पत्नीला, नादेझ्दा क्रुपस्काया यांना घेऊन बर्नला आले, ते कोखर यांच्याकडून थायरॉइडचं ऑपरेशन करून घ्यायलाच. 27 जुलै 1917 रोजी कोखर गेले. तोवर थायरॉइडची पाच हजारांच्या आसपास ऑपरेशनं त्यांच्या नावावर जमा होती.

त्यांच्यामागं पाचच वर्षांनी, 1922 मध्ये, स्वित्झर्लंडमध्ये मिठात अगदी थोडं आयोडीन घालून विकायला सुरुवात झाली आणि नव्या पिढीतला गलगंड ओसरत गेला. भारतात हाच प्रयोग 1956 पासून हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी केला. 1962 मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. आज आपल्या स्वयंपाकघरात आयोडीनयुक्त मीठ आहे ते त्यामुळंच.

आता परत सुरुवातीच्या प्रश्नाकडं. आयोडीनच्या कमतरतेनं होणारा गलगंड आहारानं टाळता येतो. पण आपल्याकडं आज थायरॉइड कमी पडण्याचं नेहमीचं कारण वेगळं आहे, शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर हल्ला करते. तिथं जास्त आयोडीन खाऊन फायदा नाही, उलट त्रास वाढू शकतो. शिजवलेला कोबी बेतानं खाल्ला तर बिघडत नाही. चालण्यानं आणि व्यायामानं वजन ताब्यात राहतं, स्नायू बळकट होतात, थकवा कमी होतो. पण ग्रंथीच हार्मोन बनवत नसेल तर ते बाहेरून द्यावंच लागतं. गोळी उपाशीपोटी घ्यायची, कॅल्शियम-लोहाच्या गोळ्यांपासून चार तास लांब ठेवायची आणि डॉक्टरांना न विचारता बंद करायची नाही.

कारण हार्मोन पूर्ण थांबलं की काय होतं, ते कोखर यांच्या 16 पेशंटनी आधीच भोगून दाखवलं आहे. त्यांच्या वेळी गोळी नव्हती, आता आहे.