झोराने बोली परत मिळवली तेव्हा

मी दर शनिवारी मुलींच्या एका वसतिगृहात जाते. मागच्या महिन्यात पाड्यावरून आलेल्या एका मुलीचे वडील तिला भेटायला आले होते. ते घरच्या बोलीत विचारत होते आणि ही सगळ्यांदेखत पुस्तकी मराठीत उत्तरं देत होती. घरी येईपर्यंत मला झोरा नील हर्स्टन आठवत राहिली.

झोरा ही अमेरिकेतली कृष्णवर्णीय लेखिका. जन्म १८९१ चा. वाढली फ्लोरिडातल्या ईटनव्हिल गावात. अख्खं गावच काळ्या लोकांचं, तिचे वडीलही तिथले नगराध्यक्ष झालेले. दुकानाच्या ओट्यावर गप्पांचा फड जमायचा. आपण कुणापेक्षा वेगळ्या आहोत, हे तिच्या गावीही नव्हतं. १९०४ मध्ये आई गेली, तिला जॅक्सनव्हिलला शाळेत धाडलं, आणि तिथे पहिल्यांदा कळलं की जगाच्या लेखी आपण फक्त एक काळी मुलगी.

पुढे शिक्षण सुटलं, धुणीभांडी करावी लागली. १९१७ मध्ये फुकट शिकता यावं म्हणून तिने वय चक्क दहा वर्षांनी कमी सांगितलं! (मला हसूही आलं आणि पोटात तुटलंही.) १९२५ मध्ये ती न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात आली. कोलंबिया विद्यापीठाशी जोडलेलं हे मुलींचं कॉलेज. आपले बाबासाहेब १९१३ ते १९१६ त्याच कोलंबियात शिकले. बर्नार्डमध्ये कृष्णवर्णीय अशी ती एकटीच.

तिथे फ्रान्झ बोआस हे मानववंशशास्त्राचे मोठे प्राध्यापक तिला गुरू म्हणून लाभले. ओट्यावरच्या त्या गोष्टी म्हणजे अभ्यासाचा विषय असतो, हे तिला इथे कळलं. गावापासून लांब गेल्यावरच गाव नीट दिसलं, असं मला वाटतं. १९२७ मध्ये ती गोष्टी गोळा करायला दक्षिणेत गेली, पण विचारू लागली ती कॉलेजच्या जपून उच्चारलेल्या इंग्रजीत. लोकांनी सरळ कानांवर हात ठेवले. फारसं काही हाती न लागता ती परतली आणि गुरूंसमोर रडली.

पुन्हा गेली तेव्हा लाकूड कापणाऱ्या मजुरांच्या वस्तीत राहिली. तिथल्या बायकांच्या अंगावर दोन डॉलरच्या आतले कपडे आणि हिच्या अंगावर १२ डॉलर ७४ सेंटचा ड्रेस! लोक बिचकले, सरकारी माणूस समजले. मग तिने थाप मारली, की मी चोरटी दारू विकते, पोलीस मागावर आहेत. त्यांच्यात बसून त्यांचीच गाणी म्हटली, तेव्हा कुठे गोष्टी सुरू झाल्या. त्यांचं पुस्तक १९३५ मध्ये निघालं. पदवी तिने १९२८ मध्येच घेतली होती. तीही सोडली नाही आणि बोलीही नाही. १९३७ च्या कादंबरीत तिची माणसं तीच बोली बोलतात. त्यावरून तिच्याच समाजातल्या काही लेखकांनी तिला नावं ठेवली.

१९६० मध्ये ती हलाखीत गेली. थडग्यावर नावसुद्धा नव्हतं. लेखिका अ‍ॅलिस वॉकर यांनी १९७३ मध्ये ते शोधून तिथे दगड बसवला.

परवा मी त्या मुलीला म्हटलं, आजीची एखादी गोष्ट सांग ना. आठवत नाही, म्हणाली. मीसुद्धा पुस्तकी मराठीतच विचारलं होतं म्हणा!