गाडगेबाबांचा खराटा

गाव स्वच्छ राखणे हे सरकारचे काम की आपले, हा वाद जुनाच आहे. यात्रा आटोपली की गावकरी ग्रामपंचायतीकडे बोट दाखवितात आणि पंचायत गावकऱ्यांकडे. आपल्या विदर्भातील एका सत्पुरुषाने मात्र ह्या वादाचे उत्तर आपल्या आयुष्याने देऊन ठेविले आहे.

डेबूजी झिंगराजी जाणोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात झाला. व्यसनापायी वडील लवकर गेले. आई सखूबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूरकडील दापुरे ह्या गावी माहेरी आली. मामाची गुरे राखीत, शेतात राबत डेबूजी वाढले. पुढे कुंताबाईंशी विवाह झाला, मुलेबाळे झाली. १९०५ साली त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडग्याचे खापर आणि हाती खराटा, अशा वेषात ते गावोगाव हिंडू लागले. मागे संसाराचा भार कुंताबाईंनी वाहिला, हे आपण स्त्रियांनी तरी विसरू नये.

गावात पाऊल ठेवताच बाबा कोणालाही न विचारता रस्ते झाडू लागत. दिवसा सफाई आणि रात्री कीर्तन. अस्वच्छता, दारू, कर्ज, पशुबळी आणि शिवाशीव यांचा ते कीर्तनात समाचार घेत. घराघरांतून आपण रोज सकाळी केर काढतो, त्याचे कोणास काही वाटत नाही. तेच काम एका पुरुषाने भर चौकात केले, तेव्हा गाव खजील झाले आणि आणखी हात पुढे आले.

परंतु एका खराट्याने सारे भागत नाही, हेही बाबा जाणून होते. पूर्णेकाठी ऋणमोचनच्या यात्रेत चिखलामुळे लोकांचे हाल होत. तेथे त्यांनी घाट बांधविला. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे लोकांच्या देणग्यांतून धर्मशाळा उभ्या केल्या. त्यांवर स्वतःची मालकी न ठेवता त्यांची व्यवस्था विश्वस्तांकडे सोपविली. आरंभ एकट्याने करावा, पण काम टिकवायला संस्था हवी, हा त्यांचा व्यवहार होता.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ, त्यांनी देह ठेविला. त्यानंतर वीस वर्षांनी, १९७६ च्या घटनादुरुस्तीने पर्यावरणाचे रक्षण ही राज्याची जबाबदारी ठरविली आणि तेच नागरिकाचेही मूलभूत कर्तव्य सांगितले. २००० साली महाराष्ट्र शासनाने बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. त्यात बक्षीस शासनाचे, पण झाडणारे हात गावाचेच होते.

भगिनींनो, आपल्या गिरडच्या टेकडीवर शेख फरीदबाबांच्या दर्ग्याला सर्व धर्मांचे भाविक येतात. त्यांच्यासाठी पाणी, शौचालये आणि कचरा उचलण्याची सोय पंचायतीने व शासनाने केलीच पाहिजे. ती आपण हक्काने मागावी. पण जेवण झाल्यावर पत्रावळ टेकडीवर भिरकावणारा हात शासनाचा नसतो. तो आपला, आपल्या पाहुण्याचा, आपल्या मुलाचा असतो. त्याला तेथल्या तेथे अडविण्याचे काम कोणतेही खाते करणार नाही. म्हणून मंडळाने सोयींसाठी अर्ज जरूर करावा, आणि अर्ज लिहिणाऱ्या हातांनी यात्रेच्या दुसऱ्या दिवशी खराटाही धरावा. बाबांची पुण्यतिथी साजरी करण्याची याहून चांगली रीत कोणती?