एका हाताने जमीनदारी हादरवणारे मायकेल डेव्हिट कोण होते?

मायकेल डेव्हिट यांचा जन्म १८४६ मध्ये आयर्लंडच्या मेयो परगण्यातील स्ट्रेड गावात झाला. बटाट्यावर करपा पडून तेव्हा दुष्काळ सुरू होता. गरीब कुळे मातीच्या झोपडीत राहत, बटाट्यावर जगत; पिकवलेले धान्य मात्र खंडापोटी विकावे लागे. खंड थकल्याने १८५० मध्ये डेव्हिट कुटुंब बेदखल झाले आणि इंग्लंडला गेले. तिथे ११ व्या वर्षी सूतगिरणीतील अपघातात मायकेल यांनी उजवा हात गमावला. ब्रिटिश सत्तेविरोधी फेनियन चळवळीत त्यांनी ७ वर्षे तुरुंगवास भोगला. सुटल्यावर १८७९ मध्ये त्यांनी लँड लीग उभारली. तिच्या दबावामुळे १८८१ चा कायदा झाला. अनेक कुळांना रास्त खंड व कूळहक्काची हमी मिळाली. १९०६ मध्ये डेव्हिट यांचे निधन झाले. बेदखल केलेल्या स्ट्रेडमध्येच त्यांचे दफन झाले.