जगदीशचंद्र बोस : हिरव्या पानाचा हिशेब मांडणारा शास्त्रज्ञ

कोलकाता, ३० नोव्हेंबर : आचार्य जगदीशचंद्र बोस यांचे नाव निघाले की बिनतारी लहरी आणि वनस्पतींच्या संवेदना आठवतात. हिरवे पान प्रकाशाच्या साहाय्याने अन्न कसे तयार करते, यावरील त्यांचे संशोधन मात्र काहीसे विस्मृतीत गेले आहे. त्यांच्या जयंतीनिमित्त त्याचे स्मरण उचित ठरेल.

बोस यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी तत्कालीन बंगालमधील मैमनसिंग येथे झाला. कोलकाता, केंब्रिज आणि लंडन येथे शिक्षण घेऊन १८८५ मध्ये ते प्रेसिडेन्सी महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. भारतीय असल्याने त्यांना युरोपीय सहकाऱ्यांपेक्षा कमी वेतन देऊ करण्यात आले. त्यांनी अध्यापनात खंड पडू दिला नाही. मात्र तीन वर्षे वेतनाला हात लावला नाही. अखेर प्रशासनाने पूर्ण वेतन थकबाकीसह दिले.

विद्युतचुंबकीय लहरींवरील प्रयोगांनंतर ते वनस्पतींकडे वळले. १९१७ मध्ये आपल्या जन्मदिनीच त्यांनी कोलकात्यात बसू विज्ञान मंदिराची स्थापना केली. १९२० मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्यत्व त्यांना मिळाले. वनस्पतींच्या संवेदनांविषयीच्या त्यांच्या निष्कर्षांवर मात्र दीर्घकाळ वाद झाले.

प्रकाशसंश्लेषणावरील त्यांचा ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. हायड्रिला या पाणवनस्पतीतून बाहेर पडणाऱ्या प्राणवायूच्या बुडबुड्यांची आपोआप नोंद करणारे उपकरण त्यांनी तयार केले होते. उन्हाळ्यातील हायड्रिलात मॅलिक आम्ल असते आणि कार्बन डायऑक्साइड तुटपुंजा असतानाही तिचे काम चालू राहते, असे त्यांना दिसले. हिवाळ्यातील हायड्रिला मात्र नेहमीच्या मार्गाने चालत होती. एकच वनस्पती ऋतूनुसार कार्बन मिळवण्याची रीत बदलते, या निरीक्षणाचा विकरांच्या पातळीवरील उलगडा होण्यास अर्ध्या शतकाहून अधिक काळ लागला.

हा प्रश्न आज भातशेतीपर्यंत पोहोचला आहे. हायड्रिलासारखा दुसरा मार्ग भाताकडे नाही. त्याची सारी भिस्त रुबिस्को या विकरावर असते. पान उलगडत असताना रुबिस्कोची निर्मिती वेगाने होते. पान पूर्ण वाढले की ती मंदावते आणि जुने विकर विघटित होऊ लागते. पानातील नायट्रोजनचा सुमारे पाव हिस्सा या एकाच प्रथिनात असतो. पान म्हातारे होताना तोच नायट्रोजन नव्या पानांकडे आणि लोंबीतील दाण्यांकडे जातो. पान लवकर पिवळे पडले तर अन्ननिर्मिती घटते. फार काळ हिरवे राहिले तर दाण्यांकडे जाणारा नायट्रोजन पानातच अडकू शकतो. शेतकऱ्याचे उत्पन्न या तोलावरही अवलंबून असते. कार्बन साठवून घेण्याची मक्यासारखी यंत्रणा भातात आणण्याचे प्रयत्नही आंतरराष्ट्रीय पातळीवर सुरू आहेत.

२३ नोव्हेंबर १९३७ रोजी, सध्याच्या झारखंडमधील गिरिडीह येथे बोस यांचे निधन झाले. रुबिस्को हे नाव तेव्हा अस्तित्वातही नव्हते. पानाचे काम ऋतू आणि परिस्थितीनुसार बदलते आणि ते काटेकोरपणे मोजता येते, हे मात्र त्यांनी पाण्यातील एका साध्या वनस्पतीवरून दाखवून दिले होते.