माणशी अर्धा एकर

१९७२ च्या दुष्काळाची आठवण महाराष्ट्रातल्या जुन्या पिढीला आजही सुकडी आणि मिलो या दोन शब्दांनी होते. शाळेत वाटली जाणारी सुकडी, रेशनवर मिळणारी तांबडी मिलो ज्वारी आणि रस्त्याच्या कडेला ओळीने बसून खडी फोडणारी माणसे. त्या वर्षी पुण्याचा एक कारखानदार पुरंदर तालुक्यात दुष्काळी कामे पाहायला गेला. विलासराव साळुंखे त्याचे नाव. वय पस्तिशीच्या घरात. शिक्षणाने अभियंता, आणि कारखाना मोजमापाची अचूक उपकरणे तयार करण्याचा. मिलिमीटरच्या शतांश भागाची चूक ज्याच्या धंद्यात चालत नाही, अशा माणसाने त्या खडीच्या ढिगाकडे पाहिले, तेव्हा हिशेब चुकतो आहे हे त्याच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही.

चूक अशी होती. सरकार मजुरीवर पैसा खर्च करत होते, माणसे दिवसभर राबत होती. मात्र त्या श्रमांतून पुढच्या दुष्काळात उपयोगी पडेल असे फारसे काही उभे राहत नव्हते. पाऊस पुन्हा ओढ देणार आणि हीच माणसे पुन्हा हाच हातोडा घेऊन बसणार. हीच मजुरी बांधबंदिस्तीला, नालाबांधांना आणि पाझर तलावांना का लागू नये, हा विलासरावांचा साधा प्रश्न होता. तो विचारून ते पुण्याला परतले असते, तर दुष्काळ पाहून हळहळलेल्या अनेक सज्जनांपैकी एक एवढीच त्यांची नोंद राहिली असती. ते परतले नाहीत. निदान मनाने तरी नाही.

पुरंदर म्हणजे सासवड, जेजुरी आणि किल्ल्याचा तालुका. त्याच्या पूर्व भागात वर्षाचा पाऊस पाचशे मिलिमीटरच्याही आत राहतो. पेडण्यात वाढलेल्या माणसाला या आकड्याचा अर्थ चटकन कळत नाही, म्हणून सांगायचे: आपल्याकडे तीन हजारांच्या आसपास पडतो. अशा प्रदेशातल्या नायगाव येथे देवस्थानची चाळीस एकर उताराची, खडकाळ जमीन विलासरावांनी पन्नास वर्षांच्या कराराने घेतली. गावाच्या दृष्टीने ती निकामी होती. कोणाच्या सुपीक वावरात प्रयोग केला असता तर त्याचे श्रेय मातीला गेले असते. इथे ती सोय नव्हती.

उतारावर त्यांनी समतल बांध घातले, वाहून जाणारे पाणी अडवले, खालच्या अंगाला पाझर तलाव केला, त्याच्याही खाली विहीर खणली आणि विहिरीचे पाणी पुन्हा वरच्या शेताला चढवले. पाऊस होता तेवढाच राहिला, मात्र तो शिवारातच थांबू लागला. ते स्वतः सहकुटुंब या माळावर झोपडीत राहिले. पत्नी कल्पनाताई या कामात बरोबरीने उभ्या होत्या. पुढे त्याच उताराच्या बऱ्याच भागावर पिके उभी राहिली आणि आजूबाजूचे शेतकरी पाहायला येऊ लागले.

एवढ्यावर थांबले असते तरी विलासराव उत्तम जलसंधारक ठरले असते. मात्र त्यांचे खरे काम इथून पुढे सुरू होते, आणि ते पाणी अडवण्याचे नसून वाटण्याचे व त्याचा खर्च उभा करण्याचे आहे. १९७४ मध्ये त्यांनी ग्रामगौरव प्रतिष्ठान स्थापन केले. त्यातून जी व्यवस्था आकाराला आली, ती पाणी पंचायत.

खर्चाचा भाग आधी पाहू, कारण बहुतेक चरित्रलेखात तोच दोन ओळींत उरकला जातो. कोरडवाहू शेतकऱ्याला एकट्याने विहीर, पंप आणि जलवाहिनी परवडत नाही. बँक त्याला दारात उभे करत नाही, कारण तारण ठेवायला त्याच्याजवळ जी जमीन असते तिला पाण्याअभावी किंमत नसते. पाणी नाही म्हणून कर्ज नाही, आणि कर्ज नाही म्हणून पाणी नाही. विलासरावांनी ही गाठ तीन बाजूंनी सैल केली. योजना एकट्याला मिळणार नाही, गटालाच मिळेल. खर्चाचा निम्मा भाग सरकारी अनुदानातून यावा, तीस टक्के प्रतिष्ठानने बिनव्याजी द्यावेत आणि वीस टक्के शेतकऱ्यांनी स्वतः, तेही काम सुरू होण्याआधी, रोख भरावेत.

समजा, योजना एक लाखाची आहे आणि गटात वीस कुटुंबे आहेत. सरकारचे पन्नास हजार, प्रतिष्ठानचे तीस हजार आणि कुटुंबांचे मिळून वीस हजार. वाटे सारखे असतील तर घरटी हजार रुपये. दुष्काळी कामाच्या मजुरीवर चूल पेटणाऱ्या घराला त्या काळी हजार रुपये म्हणजे डोंगर. शेळी विकून, दागिना मोडून ते उभे करावे लागणार. गरिबांकडून पैसे कशाला घ्यायचे, असा आक्षेप इथे कोणाच्याही मनात येईल. हा लेख लिहायला बसेपर्यंत माझ्याही मनात तो होता. पण वीस टक्के भरलेला माणूस पंप बंद पडला की कोणाच्या तरी येण्याची वाट पाहत बसत नाही. तो तालुक्याला खेटे घालतो, हिशेबाची वही मागतो, पाळी चुकली तर भांडतो. पंपाची मालकी कोणाची, हा प्रश्न त्याच्यापुरता पहिल्याच दिवशी मिटलेला असतो. शिवाय उरलेले तीस टक्के पीक आल्यावर हप्त्याने फेडायचे, वीज आणि देखभालीची पट्टी वर्षाला द्यायची, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याची मजुरी गटानेच उचलायची. पाटकरी गटाचाच असल्याने गावातल्या बड्या असामीच्या एका शब्दावर पाटाची दिशा बदलण्याचा प्रश्न उरत नव्हता. देणगीवर चालणाऱ्या कामांना जे जमत नाही, ते या हिशेबी व्यवस्थेत बसले.

आता वाटणी. हा विलासरावांच्या विचाराचा गाभा, आणि तोच पचायला सर्वांत कठीण. पाणी जमिनीच्या प्रमाणात मिळणार नाही. घरातल्या माणसांच्या प्रमाणात मिळेल. माणशी अर्धा एकर भिजेल एवढे, आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. वीस एकरांच्या धन्याचे पाच माणसांचे घर आणि तीन एकरवाल्याचे पाच माणसांचे घर, दोघांना पाणी सारखेच. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही, तो गटाकडे परत येईल. ज्याला जमीनच नाही, त्यालाही पाण्याचा वाटा आहे. तो वाटा घेऊन त्याने जास्त जमीन असलेल्याच्या शेतात वाट्याने पीक काढावे. आणि उसासारखी बारमाही पाणी पिणारी पिके या पाण्यावर घ्यायची नाहीत. साखर कारखानदारीच्या पश्चिम महाराष्ट्रात, तेही सत्तरच्या दशकात, एका कारखानदाराने उसाला मनाई करावी, याचे मोल आज चटकन लक्षात येणार नाही. एक एकर ऊस जेवढे पाणी पितो तेवढ्यात ज्वारी-बाजरीचे कित्येक एकर पिकतात, हे गणित सर्वांना ठाऊक होते. त्याप्रमाणे वागण्याचा नियम करणारे मात्र थोडे.

पुरंदर आणि शेजारच्या तालुक्यांत अशा अनेक योजना झाल्या. सगळ्या टिकल्या नाहीत, हेही सांगितले पाहिजे. कुठे विजेची थकबाकी वाढली, कुठे तलावच भरेना, कुठे गटात फूट पडली. जिथे वैयक्तिक विहिरीला आणि पंपाला कर्ज सहज मिळू लागले, तिथे माणशी वाटणीत अडकून राहण्याची गरज सधन शेतकऱ्याला वाटेनाशी झाली. मोठ्या कालव्याचे पाणी येणार अशी आशा लागली की गावाची लहान योजना नकोशी होते, हा अनुभव काही एकट्या पुरंदरचा नाही.

हे वाचताना आपल्या भागाचा विचार मनात येणारच. पार्सेच्या डोंगरउतारावरून आषाढात जे पाणी काजूच्या बागांतून धावत खाली येते, ते पाहिले की नुकताच सरलेला मे खोटा वाटतो. आणि तरीही पेडण्यातल्या काही वाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. घरातले पाणी चांदेलच्या प्रकल्पातून येते, शेतासाठी तिळारीचा कालवा आहे. त्या धरणाच्या खर्चाचा मोठा वाटा गोव्याने उचलला, आणि कालवा कुठे फुटला की उत्तर गोव्यातल्या कित्येक घरांचे नळ कोरडे पडतात. परसातल्या विहिरीचे पाणी मात्र आपण पाहतो, वापरत नाही.

गावाने मिळून पाण्याचा खर्च उचलण्याची रीत गोव्याला परकी मुळीच नाही. जुन्या काबिजादींत गावकरी संस्था शेतांच्या उत्पन्नातून खाजनांच्या बांधांची आणि मानशींची डागडुजी करत आल्या होत्या. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कूळ संघांकडे आली. काही संघ जागते राहिले, काही कागदावर उरले. आणि बांधाला भगदाड पडले की खारे पाणी कोणाचे शेत कोणाच्या नावावर आहे ते विचारत नाही. शापोरा नदी पार्सेपासून लांब नाही, त्यामुळे हे इथे कोणाला वेगळे समजावून सांगायला नको. विलासराव आपल्याकडे असते तर त्यांनी आधी बांधाचा अंदाजपत्रकी खर्च मागितला असता, आणि मग त्यातले वीस टक्के कोण कोण भरणार याची यादी.

२००२ मध्ये विलासराव गेले. त्याच वर्षी ओडिशाने पाणी पंचायत याच नावाचा कायदा केला. २००५ मध्ये महाराष्ट्राने सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांच्या सहभागाचा कायदा केला, पाणी वापर संस्थांना मान्यता दिली आणि जलसंपत्ती नियमन प्राधिकरणही आणले. गटाने पाणी घ्यावे, गटाने पट्टी भरावी, हे तत्त्व त्यांत आले. माणशी वाटणी मात्र आली नाही. पाणी पुन्हा जमिनीमागे गेले, आणि भूमिहीनाचा वाटा नायगावच्या आसपासच राहिला.

त्यांच्यामागे प्रतिष्ठानचे काम कल्पनाताईंनी पुढे चालवले.