सवाई माधोसिंह महाराज आणि निराश्रितांचा स्थायी निधी

दान करणे हे पुण्यकर्म खरे. परंतु दिलेले दान ज्याला हवे त्याच्या हाती, योग्य वेळी आणि योग्य रूपाने पोचणे हे त्याहून कठीण होय. देश, काल व पात्र यांचा विचार ज्यात आहे, त्याच दानाला श्रीमद्भगवद्गीतेने सात्त्विक दानाची पदवी दिली आहे. हा विचार राज्यकारभारात कसा उतरतो, हे जयपूरनरेश सवाई माधोसिंह (द्वितीय) यांच्या चरित्रात पाहावयास मिळते.

महाराजांचा जन्म १८६२ साली इसरदा येथील ठाकूर रघुनाथसिंह यांच्या घरी झाला. त्यांचे मूळ नाव कायमसिंह. घरच्या तंट्यापायी त्यांना कोवळ्या वयातच जन्मस्थान सोडावे लागले. हलाखीच्या त्या दिवसांत त्यांना वृंदावनात आश्रय मिळाला आणि तेथेच ब्रह्मचारी गिरिधारीदासजींचा अनुग्रह लाभला. पुढे १८८० साली जयपूरचे महाराज रामसिंह निपुत्रिक स्थितीत निवर्तले; त्यांनी दत्तक म्हणून याच तरुणाची निवड केली होती. ज्याला कालपर्यंत स्वतःचे छप्पर नव्हते, तो अठराव्या वर्षी राजप्रासादाचा स्वामी झाला! १८८२ साली त्यांच्या हाती पूर्ण अधिकार आले.

त्यांची खरी परीक्षा झाली ती विक्रम संवत् १९५६ मध्ये, म्हणजे इ. स. १८९९-१९०० च्या घोर दुष्काळात. राजस्थानात तो आजही 'छप्पनिया' या नावाने ओळखला जातो. धान्य, पाणी व चारा या तिन्हींचा एकदम अभाव झाला म्हणून लोकांनी त्याला त्रिकाळ म्हटले. मारवाडातील शेतकरी पूर्वीच्या दुष्काळांत गुरे घेऊन माळव्यात जात आणि पाऊस पडताच परतत. या वेळी माळव्यातही पाऊस नव्हता. गुरे वाटेतच मेली आणि माणसे घरदार, बैल व बियाणे सारे गमावून रस्त्यावर आली. १९०० च्या उन्हाळ्यात पटकीने आणि पावसाळ्यानंतर हिवतापाने त्यांना गाठले.

अशा वाटसरूला केवळ एक भाकरी देऊन काय होणार? आज पोट भरेल, उद्या पुन्हा तोच प्रश्न. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर सिद्ध झालेल्या नियमांत याचा विचार होता. निराधार भटक्यांना प्रथम गरीबखान्यात आणावे, तेथे अन्न व औषध द्यावे. अंगी बळ येताच धडधाकटांना तलाव व रस्ते यांच्या कामावर पाठवावे, पोरक्या मुलांची निराळी सोय करावी, आणि ज्याचे गाव आहे त्याला गावी पोचवावे, असा तो क्रम होता. गरीबखाना हा शेवटचा मुक्काम नव्हे. पुढील वाट दाखवणारे ते पहिले दार होय. ही साखळी जेथे तुटे, तेथे मनुष्य पुन्हा रस्त्यावर येई.

सरकारी साहाय्य मुख्यतः प्राण वाचवण्यापुरते असे. वस्त्र, अनाथांचे पालन, पडद्यातील कुलीन स्त्रियांना गुप्त मदत, आणि सर्वस्व गमावलेल्या कुणब्याला बैल-बियाण्यासह पुन्हा उभे करणे, या कार्यांसाठी १८९७ साली आणि पुन्हा १९०० साली देशभर वर्गणी जमवावी लागली. पण दुष्काळ दारात आल्यावर सभा भरणार, याद्या होणार, मग पैसा येणार. तोवर मृत्यू थोडाच थांबतो? आग लागल्यावर विहीर खणण्याचाच हा प्रकार.

महाराजांनी ही उणीव हेरली. १९०० साली त्यांनी १५ लक्ष रुपयांची देणगी देऊन भारतीय जनतेसाठी एक स्थायी दुष्काळ-निधी स्थापन केला, आणि पुढे त्यात भरही घातली. मुद्दल राखून उत्पन्न संकटग्रस्तांसाठी खर्चावे, ही त्यामागील योजना होती. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हा निधी त्यांनी आपल्या प्रजेपुरता ठेवला नाही. तो साऱ्या हिंदुस्थानासाठी होता. पीडिताचे गाव, जात वा राज्य कोणते, हा प्रश्न त्याच्या दाराशी नव्हता.

१९०२ साली सातव्या एडवर्ड बादशहाच्या राज्यारोहणासाठी महाराज 'ऑलिंपिया' जहाजाने विलायतेस गेले, तेव्हा त्यांनी चांदीच्या प्रचंड कलशांतून गंगाजल बरोबर नेले. जयपूरच्या राजवाड्यात ते कलश पाहून प्रवासी आजही थक्क होतात. त्या यात्रेवर अपार द्रव्य खर्च झाले, आणि तीही दुष्काळानंतर दोनच वर्षांनी, हे विसरता येत नाही. राजवैभवाचा सोस त्यांना होताच. तथापि दुष्काळाच्या वर्षी दूरदृष्टीने दिलेले ते दान त्यामुळे लहान ठरत नाही. आश्रयदात्या वृंदावनाचे ऋणही ते विसरले नाहीत. तेथे त्यांनी बांधवलेले भव्य मंदिर १९१७ साली पूर्ण झाले. १९२२ साली महाराज कैलासवासी झाले.

संवत् छप्पनसारखा दुष्काळ आज राहिला नाही. निराश्रित मात्र आहेत. हिवाळ्याच्या रात्री जयपुरात रैन बसेरे उघडतात, आणि तेथे शेकडो थकली शरीरे विसावतात. पण सकाळ झाली की त्यांतील रोग्याला रुग्णालय, कामकऱ्याला काम, वृद्धाला निवृत्तिवेतन आणि बालकाला शाळा कोण दाखवणार? कित्येकदा ही सारी दारे जवळच असतात. तेथवर नेणारा हात तेवढा नसतो. पंधरा लक्ष देण्याचे सामर्थ्य आपणा गृहस्थांच्या ठायी नाही. परंतु दारी आलेल्याच्या हातावर नाणे ठेवण्यापूर्वी त्याला कशाची गरज आहे हे विचारावे, आणि ते जेथे मिळेल त्या दारापर्यंत त्याच्यासोबत चालत जावे, एवढे तर प्रत्येकाला शक्य आहे.